आफ्रिकान्स रंगभूमीवरच्या भाषांतरित नाटकाचा माग कसा काढावा

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशला आमच्या शेजारी एक वयस्क बाई राहायच्या. इथे मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारत नाहीत, 'तानी' म्हणतात आणि पुरुषाला 'ओम'. आपल्याकडच्या मावशी-काकांसारखंच. या तानी तरुणपणी एका हौशी नाट्यमंडळीचा कपडेपट सांभाळायच्या. मी आफ्रिकान्स, ही डचमधून घडलेली इथली भाषा, शिकायला घेतली तेव्हा त्यांनी बुटांचा एक खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा हे वाच. खोक्यात एकसष्ट नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका होत्या.

त्या वाचता वाचता दोन गोष्टी लक्षात आल्या. निम्म्याहून जास्त नाटकं भाषांतरित होती: शेक्सपिअर, मोलिएर, इब्सेन, चेकॉव्ह, लॉर्का. आणि त्यातल्या कितीतरी पत्रिकांवर भाषांतरकाराचं नावच नव्हतं. मूळ नाटककार ठळक अक्षरात, नटांची नावं ओळीने, बुटांच्या दुकानाची जाहिरात अर्ध्या पानावर, आणि ज्या माणसाने प्रत्येक वाक्य नव्याने लिहिलं त्याचा पत्ता नाही. मला ते फार लागलं. तेव्हापासून मी या नाटकांचे प्रयोग नोंदवते आहे. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे लिहिते.

आधी ठरवा: इतिहास कशाचा?

'मॅक्बेथचा आफ्रिकान्समधला इतिहास' असं म्हणून सुरुवात केलीत तर सहा महिन्यांत गुंता होईल. आफ्रिकान्समध्ये मॅक्बेथ एक नाही. एल. आय. कुर्ट्से यांचं भाषांतर १९४८ चं, त्यानंतर एटेमाल या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीचं आणखी एक. दोन्हींचं नाव तेच, पात्रं तीच, पण नटाच्या तोंडी येणारे शब्द वेगळे. म्हणून प्रयोगांची यादी नाटकाखाली करू नका, भाषांतराखाली करा. एका भाषांतराला एक वही, नाहीतर संगणकावर एक तक्ता. दुसरं भाषांतर सापडलं की दुसरा तक्ता.

हेच कुर्ट्से पेशाने कायद्याचे प्राध्यापक. त्यांचं हॅम्लेट १९४५ मध्ये छापून आलं आणि १९४७ मध्ये आंद्रे ह्यूगनेट या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या नटाने ते रंगभूमीवर उभं केलं. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती, तो १९२५ चा कायदा. ही भाषा स्वयंपाकघरातली, गुराख्यांची, असं म्हणणारे लोक अजून हयात होते, त्या दिवसांत हॅम्लेट आफ्रिकान्समध्ये बोलला. हे डोक्यात ठेवूनच त्या प्रयोगाची नोंद करा, नाहीतर ती नुसती तारीख उरते.

मग शब्द तपासा. 'फरटालिंग' म्हणजे भाषांतर, 'फरवेर्किंग' म्हणजे रूपांतर, आणि 'फ्राय ना' असं लिहिलं असेल तर 'अमक्यावरून मोकळेपणाने'. मराठीत आपण अनुवाद, रूपांतर, 'आधारित' असा जो फरक करतो तोच हा. फक्त जुन्या पत्रिकांमध्ये तो काटेकोरपणे पाळलेला नसतो. आंद्रे ब्रिंक यांनी जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' हे नाटक १९७३ मध्ये आफ्रिकान्समध्ये आणलं आणि नाव दिलं 'दी बोबास फान दी बुन्दू'. बोबास म्हणजे बहाद्दर, सगळ्यांत वरचढ गडी. बुन्दू म्हणजे दूरचा रानवट मुलूख. आयर्लंडचा पश्चिम किनारा त्या नावातून पार पुसला गेला आहे. मूळ शीर्षकावरून शोध घेणाऱ्याला हे नाटक कधी सापडणार नाही. म्हणून तक्त्याच्या पहिल्या दोन रकान्यांत मूळ नाव आणि आफ्रिकान्स नाव दोन्ही लिहा. आफ्रिकान्स नाव मुखपृष्ठावर जसं आहे अगदी तसं, अक्षरन् अक्षर.

अक्षरन् अक्षर म्हणते त्याला कारण आहे. आफ्रिकान्समध्ये 'फ' ऐकू येतो तिथे बहुधा 'व्ही' लिहिलेला असतो, 'व' ऐकू येतो तिथे 'डब्ल्यू', आणि 'ख' ऐकू येतो तिथे 'जी'. कवयित्री आंकी क्रॉख यांचं पहिलं नाव उच्चारात 'क' आहे, पण लिहिताना तिथे 'टी' आणि 'जे' येतात. मी पहिले काही महिने कानावर विसंबून ग्रंथालयाच्या सूचीत शब्द टाकत होते आणि काही मिळत नव्हतं. शिवाय या भाषेच्या शुद्धलेखनाचे पहिले अधिकृत नियम १९१७ चे, पुढे ते वेळोवेळी बदलत गेले, त्यामुळे एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला भेटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पत्रिका हाती आली तर ती आफ्रिकान्समध्ये आहे की डचमध्ये हेही पाहावं लागतं. दोन्ही दिसायला बहिणी आहेत, पण तुमच्या तक्त्यात दोघींची जागा वेगळी.

साल नसलेली पत्रिका

जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर वार असतो, तारीख असते, वेळ असते, साल नसतं. छापणाऱ्याला वाटायचं, साल कोण विसरेल?

तानींच्या खोक्यातल्या एका पत्रिकेवर नुसतं 'सोमवार, १४ सप्टेंबर' होतं. तानी मंडळीत आल्या १९५१ मध्ये, म्हणजे त्याआधीचं साल नको. १४ सप्टेंबरला सोमवार आला तो १९५३, १९५९, १९६४, १९७० आणि १९८१ या वर्षी. मागच्या पानावर तिकिटाचा दर ५ शिलिंग. दक्षिण आफ्रिकेत १४ फेब्रुवारी १९६१ ला रँड आला आणि पौंड-शिलिंग गेले, त्यामुळे शेवटची तिन्ही सालं बाद. उरली १९५३ आणि १९५९. पत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात लिहिलं होतं की खेळ संपल्यावर दोन राष्ट्रगीतं होतील, आधी 'दी स्टेम' आणि मग ब्रिटिश राणीचं. १९५७ पासून 'दी स्टेम' हे एकच राष्ट्रगीत राहिलं. म्हणजे १९५३.

एवढ्यावर थांबायचं नाही. हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. पण आता वर्तमानपत्राच्या चाळीस वर्षांच्या फायली उपसण्याऐवजी एका सप्टेंबर महिन्याची फाइल मागायची आहे, आणि हा फरक फार मोठा आहे. पत्रिकेतल्या जाहिराती, टेलिफोन क्रमांकातले आकडे, सभागृहाचं नाव, सगळं अशा कामी येतं. म्हणून पत्रिका झेरॉक्स करताना फक्त नटसंचाचं पान करू नका. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, कोऱ्या पानांसकट करा. कोऱ्या पानावरही कुणीतरी पेन्सिलीने काही लिहिलेलं असतं.

आणखी एक सापळा. पत्रिकेचा इंग्रजी मजकूर असेल आणि त्यात 'प्रोड्यूसर' म्हणून नाव असेल, तर १९५० च्या दशकापर्यंत तो बहुधा दिग्दर्शक असतो, पैसे घालणारा निर्माता नव्हे. त्या काळची ती ब्रिटिश रीत. आज सरळ 'निर्माता' असं उतरवून घेतलं की एका दिग्दर्शकाचं नाव इतिहासातून जातं.

एकाच संस्थेची दोन नावं

इथे सगळं दोन भाषांत चालायचं, आणि शोधणाऱ्याचा निम्मा वेळ यातच जातो. १९४७ मध्ये राष्ट्रीय नाट्यसंस्था स्थापन झाली, एन. टी. ओ. हे तिचं लघुरूप नशिबाने दोन्ही भाषांत एकच. पी. पी. बी. ब्रेटनबाख हे तिचे प्रमुख. प्रिटोरियातल्या ब्रेटनबाख नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. १९६३ मध्ये तिची जागा चार प्रांतिक मंडळांनी घेतली आणि तिथून दुहेरी नावं सुरू झाली. ट्रान्सवालचं मंडळ इंग्रजीत पॅक्ट आणि आफ्रिकान्समध्ये त्रुक. केपचं कॅपॅब आणि क्रेइक. ऑरेंज फ्री स्टेटचं पॅकोफ्स आणि सुकोफ्स. नातालचं नापॅक आणि नारुक. केप टाउनच्या एकाच प्रयोगाची बातमी इंग्रजी पेपरात कॅपॅबच्या नावाने येते आणि 'दी बर्गर' या आफ्रिकान्स दैनिकात क्रेइकच्या. दोन वेगळे प्रयोग समजून दोन ओळी केल्यात तर इतिहास फुगतो.

जागांचंही तेच. केप टाउनचं निको मलान नाट्यगृह १९७१ मध्ये उघडलं, आज ते आर्टस्केप आहे. जोहान्सबर्गचं १९६२ चं सिव्हिक थिएटर आज जोबर्ग थिएटर. माझ्या तक्त्यात 'जागा' या रकान्याचे दोन भाग आहेत: तेव्हाचं नाव, आताचं नाव. तेव्हाचं आधी.

एन. टी. ओ. ची मंडळी गावोगाव फिरायची. नगरभवन, शाळेचं सभागृह, जिथे मंच मिळेल तिथे प्रयोग. म्हणून मोठ्या शहरातलं पहिलं परीक्षण म्हणजे शुभारंभाचा प्रयोग असं कधी धरू नका. शहरात येईपर्यंत नाटक चार गावं पालथी घालून आलेलं असू शकतं. माझ्या तक्त्यात 'पहिला प्रयोग' असा रकानाच नाही. 'सापडलेला सर्वांत जुना प्रयोग' असा आहे.

कुठे काय मिळतं

घरबसल्या सुरुवात करायची तर स्टेलनबॉश विद्यापीठाचा दक्षिण आफ्रिकी रंगभूमीचा ऑनलाइन विश्वकोश उघडा. टेंपल हाउप्टफ्लाइश यांनी तो उभा केला. नाटकाच्या नोंदीखाली मूळ संहिता, भाषांतरं, देशातले प्रयोग असे भाग असतात. सगळ्यांना मोफत. पण ती अनेक हातांनी घातलेली आणि अजून चालू असलेली भर आहे, तेव्हा तिथल्या तारखेला वाटेवरचा फलक समजा, मुक्काम नव्हे.

जुन्या काळासाठी दोन ग्रंथ लागतातच. एफ. सी. एल. बोसमान यांचा, ज्याचा १६५२ ते १८५५ हा काळ सांगणारा पहिला खंड १९२८ मध्ये निघाला, आणि एल. डब्ल्यू. बी. बिंगे यांचा आफ्रिकान्स नाट्यविकासावरचा १९६९ चा ग्रंथ, जो १९५० पर्यंत येतो. ह्यूगनेट यांचं १९५० चं आत्मकथन 'अप्लाउस' हे फिरत्या मंडळींच्या दिवसांसाठी वाचा, पण नटाची आठवण म्हणून वाचा. तारखेसाठी त्याच्यावर एकट्यावर भार टाकू नका.

कागद पाहायचे तर ब्लूमफाँटेनला जावं लागतं. तिथे जुन्या सरकारी इमारतीत आफ्रिकान्स साहित्याचं राष्ट्रीय संग्रहालय आणि संशोधन केंद्र आहे, नाल्न म्हणतात त्याला. जाण्याआधी लिहा, आणि पत्रात लेखकाचं नाव देऊन थांबू नका. भाषांतरकाराचं नाव, आफ्रिकान्स शीर्षक, मंडळाची दोन्ही नावं आणि तुम्हाला वाटणारी दोन-तीन सालं द्या. 'चेकॉव्हचं काही आहे का' असं विचारलंत तर समोरचा माणूस काय शोधणार? पेन्सिल न्या. शाईचं पेन अशा ठिकाणी कुणी टेबलावर ठेवू देत नाही.

वर्तमानपत्रांत केप टाउनसाठी 'दी बर्गर', ब्लूमफाँटेनसाठी 'दी फोल्क्सब्लाड', उत्तरेकडच्या जुन्या दिवसांसाठी 'दी ट्रान्सवालर', १९७४ नंतर 'बील्ड'. परीक्षणाइतकीच त्या आठवड्याची नाट्यगृहाची छोटी जाहिरात महत्त्वाची. प्रयोग रद्द झाला, एक आठवडा वाढला, नट बदलला, हे जाहिरातीत दिसतं. १९९९ पासून 'लिटनेट' या संकेतस्थळावर परीक्षणं येतात, त्यामुळे पुढचा काळ सोपा आहे.

एक गोष्ट वेगळी काढा: रेडिओ. इथे १९७६ च्या जानेवारीपर्यंत दूरचित्रवाणी नव्हती, लोक रेडिओवर नाटकं ऐकायचे आणि त्यात भाषांतरं भरपूर असायची. वयस्क माणूस 'मी ते नाटक ऐकलंय' म्हणाला तर तो शब्द शब्दशः घ्या.

कोणत्या कागदावर किती विश्वास

कार्यक्रमपत्रिका प्रयोगाच्या आधी छापतात. ती काय होणार होतं ते सांगते. परीक्षण काय झालं ते सांगतं, पण परीक्षक बऱ्याचदा मूळ नाटककारावर तीन परिच्छेद खर्च करतो आणि भाषांतराला 'ओघवतं' हा एक शब्द देऊन मोकळा होतो. छापील पुस्तक वाचकासाठी असतं. आवृत्त्या जास्त निघाल्या म्हणजे प्रयोग जास्त झाले असं नाही, कदाचित ते शाळेत नेमलेलं असेल.

माझ्या लेखी सगळ्यांत मोलाची असते ती प्रॉम्प्टरची वही. टंकलिखित, कडा मळलेल्या, तीन रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा. तिच्यात छापील संहितेतलं काय कापलं ते दिसतं, आणि त्याहून मौल्यवान म्हणजे काय बदललं ते. एका वहीत मी पाहिलं, की दुसऱ्या अंकातलं एक लांबलचक पुस्तकी वाक्य खोडून समासात पाच साधे शब्द लिहिले होते. अक्षर भाषांतरकाराचं नव्हतं. तालमीत कुणा नटाच्या जिभेवर ते वाक्य बसलं नाही आणि त्याने घरात जसं बोलतात तसं म्हणून पाहिलं असणार. आफ्रिकान्स रंगभाषा अशी, समासातल्या पेन्सिलीने घडत गेली आहे. ग्रंथांत ते कुठेच येत नाही.

म्हणून वही मिळाली तर दोन दिवस द्या. छापील पुस्तक शेजारी ठेवा आणि कापलेली प्रत्येक ओळ उतरवा. प्रत्येक बदलापुढे लिहा: कुणाच्या तोंडचं वाक्य, कोणता प्रवेश, कोणत्या रंगाची पेन्सिल. रंग का, तर दुसऱ्या वेळी तीच वही पुन्हा वापरली जाते आणि खुणा एकमेकींवर चढतात. निळी १९६६ ची आणि लाल १९७२ ची असं पुढे कळू शकतं. आज नोंद केली नाहीत तर कधीच कळणार नाही.

मधली भाषा हाही रकाना ठेवा. ब्रिंक यांचं 'दी सीमीउ' १९७२ चं, मूळ चेकॉव्हचं 'सीगल'. असं नाटक हाती आलं की रशियनमधून थेट आलं की इंग्रजी, फ्रेंच, जर्मनमधून वळसा घालून, हे शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बघा. तिथे काही नसेल तर पात्रांच्या नावांचं लेखन बघा. रशियन नावं कोणत्या युरोपीय भाषेच्या वळणाने लिहिली आहेत त्यावरून वाट दिसते.

प्रेक्षागृहात कोण होतं

हा रकाना मी सुरुवातीला ठेवला नव्हता. आता तो नसलेला तक्ता मला अपुरा वाटतो.

१९६५ च्या सरकारी आदेशाने परवान्याशिवाय मिश्र नटसंच आणि मिश्र प्रेक्षक यांना बंदी आली. निको मलान नाट्यगृह १९७१ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी उघडलं आणि सर्वांना खुलं झालं ते १९७५ मध्ये. आफ्रिकान्स ही ज्यांची मायबोली आहे त्यांत गोरे नसलेले लाखो लोक आहेत, केप टाउनमध्ये तर घरोघर. त्यांच्याच भाषेत नाटक, आणि दारात त्यांना मज्जाव. प्रयोगांच्या यादीत 'आठवडाभर हाउसफुल' लिहिताना ते कुणासाठी भरलं होतं हे लिहिलंच पाहिजे. मी तीन शब्द वापरते: 'गोऱ्यांसाठी', 'परवान्याने', 'खुला'. पुरावा जाहिरातीत किंवा बुकिंगच्या सूचनेत मिळतो.

शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'चा १९७० चा प्रयोग या नजरेने पाहा. भाषांतर ब्रेटन ब्रेटनबाख यांचं, प्रयोग केपच्या मंडळाचा, दिग्दर्शक डीटर राइब्ले हे जर्मन. नाटकात आरोन हा काळा माणूस आणि तामोरा ही गोरी सम्राज्ञी, त्यांचं प्रेम आणि त्यांचं मूल. आणि देशात अनैतिकता कायदा, ज्याने गोऱ्या आणि बिगरगोऱ्यांमधला शरीरसंबंध गुन्हा ठरवला होता. तो १९८५ पर्यंत टिकला. भाषांतरकार स्वतः पॅरिसमध्ये, कारण त्यांची पत्नी व्हिएतनामी वंशाची. १९४९ च्या कायद्याने असं लग्नच इथे बेकायदा होतं आणि तिला देशात यायला व्हिसा नाकारला गेला होता. पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, ते वेषांतर करून आले, पकडले गेले आणि १९८२ पर्यंत तुरुंगात राहिले.

अशा प्रयोगाची नोंद 'शेक्सपिअर, १९७०, केप टाउन' एवढ्यावर कशी संपेल? माझी पद्धत सांगते. आधी संहितेत आरोनचा उल्लेख जिथे जिथे येतो ती वाक्यं काढा आणि त्याच्यासाठी, त्याच्या मुलासाठी कोणते शब्द योजले आहेत त्यांची यादी करा. इंग्रजीतला प्रत्येक शब्द आफ्रिकान्समध्ये येताना इथल्या रस्त्यावरचा वास घेऊन येतो. मग त्या आठवड्याची परीक्षणं घ्या आणि परीक्षकाने हे मूल पाहिलं की नाही, ते बघा. कुणी रक्तपातावर लिहितं, कुणी नेपथ्यावर. गप्प कुठे बसले त्याचीही नोंद करा, तारखेसह.

न झालेले प्रयोग

१९६३ मध्ये अठ्ठेचाळीस नाटककारांनी जाहीर केलं, की वर्णभेद पाळणाऱ्या नाट्यगृहाला आपल्या नाटकांचे हक्क देऊ नयेत. तुमच्या तक्त्यात एखादा हयात नाटककार १९६२ पर्यंत दिसतो आणि मग वीस वर्षं गायब होतो, तेव्हा लोकांना तो आवडेनासा झाला असं लिहू नका. आधी हक्कांचा पत्रव्यवहार शोधा. माझं स्वतःचं मत असं, की त्या दशकांत अभिजात नाटकांची इतकी भाषांतरं झाली याचं एक कारण हेच: मेलेल्या नाटककाराला नकार देता येत नाही.

आणि इंग्रजी प्रयोग या तक्त्यात मिसळू नका, पण शेजारी नोंदवा. जोहान्सबर्गचं मार्केट थिएटर १९७६ च्या जूनमध्ये चेकॉव्हच्या याच सीगलने सुरू झालं, इंग्रजीत, बार्नी सायमन यांच्या दिग्दर्शनाखाली. १६ जूनला सोवेटोत शाळकरी मुलं रस्त्यावर आली होती, शाळेत आफ्रिकान्स माध्यम लादण्याविरुद्ध. तेच नाटक आफ्रिकान्समध्ये १९७२ ला आणि इंग्रजीत १९७६ ला. मधल्या चार वर्षांत त्या भाषेच्या कपाळावर काय लिहिलं गेलं ते या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं.

१९९४ नंतर प्रांतिक मंडळांच्या नाटकमंडळ्या एकेक करून बंद झाल्या आणि आफ्रिकान्स नाटक महोत्सवांत गेलं. औट्सहूर्नचा क्लेन कारू महोत्सव १९९५ पासून, पॉचेफस्ट्रूमचा आर्डक्लॉप १९९८ पासून, आमच्या स्टेलनबॉशचा वूर्डफीस २००० पासून. इथे प्रयोग चार-पाचच होतात, मग नाटक दुसऱ्या महोत्सवात जातं आणि नटसंच बदलतो. महोत्सवाची छापील पुस्तिका जपून ठेवा. संकेतस्थळावरचं वेळापत्रक पुढच्या वर्षी पुसलं जातं. या काळातलं पहिल्यांदा करून पाहायला उत्तम नाटक म्हणजे 'मामा मेडेआ': फ्लेमिश लेखक टॉम लानुआ यांनी जुन्या ग्रीक कथेवर रचलेलं, आंकी क्रॉख यांनी २००२ मध्ये आफ्रिकान्समध्ये आणलेलं, मार्टिनस बासॉन यांनी दिग्दर्शित केलेलं. ग्रीक, डच, आफ्रिकान्स अशी तीन घरं ओलांडून आलेली मेडेआ. आणि यातले बरेच जण आजही काम करत आहेत, तेव्हा विचारता येतं.

हक्कांबद्दल थोडक्यात. शेक्सपिअर मोकळा आहे, त्याचा भाषांतरकार मोकळा असेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९७८ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर पन्नास वर्षं हक्क राहतो. एइस क्रीखे यांनी 'ट्वाल्फ्दे नाख' आणि 'कोनिंग लिअर' भाषांतरित केली. ते १९८७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत त्यांच्या ओळी परवानगीशिवाय पानभर छापता येणार नाहीत. प्रयोगांच्या परवानग्या बऱ्याचदा डाल्रो ही संस्था पाहते, आणि कोणत्या साली कुणी परवानगी मागितली हाही प्रयोगाचा मागच आहे, तेव्हा नम्रपणे विचारा.

माणसांना काय विचारायचं

'तुम्हाला ते नाटक आठवतं का?' असं विचारू नका. उत्तर 'हो, फार छान होतं' एवढंच येतं. पत्रिका हातात द्या आणि गप्प बसा. बोट नटसंचावरून फिरायला लागलं की माणूस आपोआप बोलतो. मग एकच विचारा: एखादं वाक्य आठवतं का?

हे मला तानींमुळे कळलं. त्यांच्या खोक्यातल्या मॅक्बेथवर भाषांतरकाराचं नाव नव्हतं. माझ्याकडे कुर्ट्से यांचं पुस्तक होतं, म्हणून मी तक्त्यात कुर्ट्से असं लिहून टाकलं. हाताशी जे पुस्तक आहे तेच नटांच्याही हाती असणार, एवढाच माझा आधार. तीन वर्षं ती नोंद तशीच राहिली, मी ती दोघांना पुढेही पाठवली. मग एका संध्याकाळी तानी कापड उसवता उसवता सहज म्हणाल्या, लेडी मॅक्बेथ हात धुते तिथे मी पडद्याआड तिचा झगा धरून उभी असायचे, आणि तिची ती ओळ त्यांनी म्हणून दाखवली. ओळ मी लगेच लिहून घेतली. घरी येऊन पुस्तक उघडलं. पहिल्याच शब्दापासून वेगळी.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून एटेमाल यांचं भाषांतर मागवलं. ओळ तिथे होती, फक्त एक शब्द तानींच्या तोंडून वेगळा आला होता. तो शब्द आठवणीत बदलला की तालमीत, हे प्रॉम्प्टरची वही मिळाली तरच ठरेल, म्हणून तो मी तक्त्यात दोन्ही रूपांत ठेवला आहे. चुकीची नोंद ज्या दोघांना पाठवली होती त्यांना त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. जुनी नोंद खोडली नाही. तिच्यावर रेघ मारून खाली तारीख आणि कारण लिहिलं, म्हणजे पुढच्या माणसाला तीच चूक कुठून आली ते कळेल.

तानी आता नाहीत. खोक्यातल्या एकसष्ट पत्रिकांपैकी सात अजून अशा आहेत, की त्यांचा भाषांतरकार कोण ते ठरलेलं नाही. त्या सात ओळींतला रकाना मी रिकामा ठेवलेला नाही. तिथे लिहिलं आहे: 'भाषांतरकार आहे, नाव शोधायचं आहे.'